मृगानंतर एसीचं पाणी धरा: खेड्यातल्या घरासाठी पायरीवार माहिती

पूर्वी गावात एसी म्हटला की बँकेची शाखा नाहीतर एखादं मोठं मेडिकल. आता निजायच्या खोलीत एसी लावणारी घरं दर उन्हाळ्यात वाढताहेत. बसवणारा येतो, भिंतीला भोक पाडतो, पाण्याची नळी बाहेर लोंबती सोडतो आणि निघून जातो. ती नळी मग गल्लीत, शेजाऱ्याच्या ओट्यावर नाहीतर आपल्याच भिंतीच्या पायात गळत राहते. भिंत मातीची किंवा जुन्या विटांची असेल तर पायथ्याला ओल धरते, पोपडे सुटतात, आणि शेजाऱ्याशी कुरबूर होते ती वेगळीच.

हे पाणी धरणं अवघड नाही. आमच्यासारख्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या ज्या गावांत बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं, तिथं तर त्याचं मोल जास्तच आहे. फक्त शहरातल्या लोकांचं ऐकून सुरुवात केली तर हिशेब चुकतो. मुंबई-कोकणात जे चालतं ते विदर्भात तसंच्या तसं चालत नाही. का, ते आधी पाहू.

१. पाणी कधी येतं, ते आधी समजून घ्या

उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेला स्टीलचा गंज (उभट पातेलं) ओसरीवर ठेवला की बाहेरून घाम फुटतो. एसीच्या आत तेच होतं. आतल्या युनिटमधली जाळी (मेकॅनिक तिला कॉइल म्हणतात) थंड असते, खोलीतली हवा तिच्यावरून जाते आणि हवेतल्या वाफेचं पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडतं. म्हणजे पाणी हवेतून येतं. हवेत ओल असेल तर येईल, नसेल तर येणार नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडीठाक असते. पारा ४५ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली, तर ती हवा साधारण १२ अंशांपर्यंत थंड केल्याशिवाय तिच्यातून पाणी सुटत नाही. कॉइल जेमतेम तेवढी थंड होते. म्हणून नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एसी दिवसभर चालला तरी नळीतून थेंब थेंबच पडतं, कधी तेही नाही. त्या दिवसांत कोणी फोन करून विचारतं, ‘आमच्या एसीला पाणीच नाही, गॅस गेला काय?’ खोली नीट गार होत असेल तर गॅस गेलेला नाही. हवाच कोरडी आहे.

मृगाचा पाऊस पडला की सगळं उलटतं. जुलैत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवा २६ अंशांवर आली तरी पाणी सोडायला लागते. तेव्हा दीड टनाचा एसी जोरात चालू असताना तासाला एक-दोन लिटर देतो. रात्री खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, म्हणून रात्रभराचा हिशेब पाच ते दहा लिटरच धरा.

आपला मोसम असा: मृगापासून ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत. मे महिन्यात टँकरच्या जागी हे पाणी चालेल अशी आशा ठेवू नका. आणि पाण्यासाठी म्हणून एसी लावू नका, तापमान १८ वरही नेऊ नका. दीड टनाचा एसी जोरात चालताना तासाला एक युनिट किंवा त्याहून जास्त वीज खातो. एक-दोन लिटर पाण्यासाठी एवढी वीज परवडत नाही. झोपेसाठी २४ ते २६ वर लावायचा, आणि जे पाणी आपसूक पडतं ते धरायचं.

२. एक रात्र बकेट ठेवून मोजा

पाइप-ड्रम आणायच्या आधी नळीखाली बकेट ठेवा. जूनच्या शेवटी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा मोजलं की आपल्या घरचा अंदाज बसतो. मोजलेल्या पाण्यावर ड्रमचं माप ठरेल. एका एसीला ५० लिटरचा ड्रम पुष्कळ होतो. दुकान, दवाखाना किंवा मंगल कार्यालय असून तीन-चार एसी एकाच भिंतीला असतील, तरच २०० लिटरच्या ड्रमकडे वळा. मोठा ड्रम अर्धा रिकामा राहतो, पाणी जुनं होतं आणि डास मात्र होतात.

खिडकीचा एसी असेल तर पाणी कमी भरेल. त्यातले बरेचसे पंखे तळाशी साचलेलं पाणी मागच्या गरम जाळीवर उडवतात, म्हणून बाहेर थोडंच पडतं. ती रचना वीज वाचवण्यासाठी आहे, तिला छेडू नका.

याच वेळी शक्य झालं तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घ्या. पेनासारखा असतो, काही शे रुपयांत मिळतो. आधी बोअरचं पाणी मोजा, मग एसीचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचा आकडा किती येतो ते स्वतःच पाहा. एसीच्या पाण्याचा आकडा बहुधा ५० च्या आतच दिसेल.

पण हा आकडा फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतू सांगत नाही, कॉइलवरून उतरलेलं तांबं-ॲल्युमिनियमही वेगळं काढून दाखवत नाही.

३. हे पाणी पिऊ नका

याला वेगळा मथळा दिला, कारण ही चूक गावोगाव होते. पाणी दिसतं काचेसारखं, मीटर दाखवतो आरओपेक्षा कमी, मग कोणीतरी म्हणतं, ‘उकळून प्यायला काय हरकत?’ यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, तिथं हा मोह जास्त होतो. पण ट्रेमध्ये सदा ओल आणि अंधार असतो. तिथं धूळ बसते, बुरशी आणि जंतू वाढतात. उकळल्याने जंतू मरतील, धातू जाणार नाहीत. पिण्याला, स्वयंपाकाला, बाळाच्या आंघोळीला, जखम धुवायला हे पाणी नको. गाई-बकऱ्यांच्या पाण्यातही मिसळू नका.

ड्रमवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत ‘पिण्याचे नाही’ असं लिहा. घरी पाहुणे येतात, मजूर येतात, लहान पोरं तोटी दिसली की ओंजळ धरतात. सांगून लक्षात राहत नाही, लिहिलेलं दिसतं.

४. कशाला वापरायचं, ते पाइप टाकण्याआधी ठरवा

वापर ठरला की ड्रम कुठं ठेवायचा ते आपोआप ठरतं. माझ्या मते आपल्या भागात पहिला मान झाडांचा.

झाडं. खाऱ्या पाण्यावरच्या कुंड्या जवळून पाहा. मातीवर पांढरा थर आलेला असतो, मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळाल्यासारख्या दिसतात, कढीपत्त्याची नवी पालवी टोकाला वाळते. हे क्षारांचं काम आहे. पाऊस उघडीप देतो तेव्हा, आणि ऑक्टोबरात, कुंड्यांना एसीचं पाणी द्या. थोडं थोडं शिंपडू नका. खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत एकदाच भरपूर घाला, म्हणजे मातीत साचलेले क्षार धुऊन खाली जातात. या पाण्यात झाडाला लागणारं पोषण काहीच नसतं, तेव्हा शेणखत किंवा गांडूळखत नेहमीसारखं चालू ठेवा. सांदवाडीतल्या (परसातल्या) वांगी-मिरचीलाही द्या, बुंध्याशी. कोथिंबीर, पालक अशा पानं खायच्या भाज्यांवर वरून ओतू नका.

कूलर. गवताची ताटी किंवा हनीकोम्ब पॅड खाऱ्या पाण्याने पांढरी कडक होते, छिद्रं बुजतात, मग कूलर नुसताच घोंघावतो. मोठ्या लोखंडी कूलरला मे महिन्यात जेवढं पाणी लागतं, तेवढं एसी कधीच देणार नाही. पण ऑक्टोबर हीटमध्ये कूलर पुन्हा बाहेर निघतो, तेव्हा अर्धं बोअरचं आणि अर्धं एसीचं असं मिश्रण करा. बोअरचा टीडीएस २००० असेल तर मिश्रणाचा साधारण हजारावर येतो. तरी कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. शिवाय कूलरमधलं शिळं पाणी तुषारांतून छातीत जातं आणि लिजिओनेलासारखे जंतू न्युमोनिया करू शकतात. म्हणून कूलरमध्ये कालचं-परवाचं पाणी घाला, ड्रमच्या तळाचं गढूळ पाणी नको.

धुणं-पुसणं. क्षार नसल्याने साबणाला फेस चांगला येतो. खाऱ्या पाण्यात पांढरे कपडे पिवळट होतात. शाळेचे गणवेश, धोतर, टोप्या शेवटच्या खंगाळणीला या पाण्यातून काढा. मोटारसायकल धुतली तर वाळल्यावर टाकीवर पांढरे डाग उरत नाहीत. फरशी पुसायला आणि संडासात ओतायला तर काहीही विचार करायला नको.

फवारणी. हे फार कमी लोक करतात, पण शेतकऱ्यासाठी कामाचं आहे. जड पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम काही तणनाशकांना धरून ठेवतो आणि औषधाचा जोर उतरतो. मऊ पाण्यात ती नीट काम करतात. फवारणीचे दिवस आणि एसीला पाणी सुटण्याचे दिवस एकच, जुलै ते सप्टेंबर. पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा, म्हणजे दोन-तीन रात्रींत एक पंप. एकर दोन एकरासाठी पुरणार नाही, बांधावरच्या तणाला किंवा भाजीच्या तुकड्याला पुरेल. औषधाच्या डब्यावर पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. फवारणीचं पाणी ड्रममधून वेगळ्या कॅनमध्ये काढून शेतात न्या आणि मिश्रण शेतातच करा. पंप घरच्या ड्रमच्या तोटीखाली कधीच आणू नका.

कुठं वापरू नका, तेही सांगतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हे पाणी घालायचा सल्ला सर्रास मिळतो, कारण टीडीएस कमी. बॅटरीला लागणारं डिस्टिल्ड वॉटर वेगळं असतं. एसीच्या पाण्यात धूळ आणि धातूंचे अंश असतात, त्याने प्लेटा खराब होतात आणि वॉरंटीवरही वाद होतो. बाटली विकतच आणा. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्येही नको, तिथं कूलंटच हवं.

५. सामान आणि परवानगी

सगळं तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं:

– एक इंची पीव्हीसी पाइप, भिंतीपासून ड्रमपर्यंत मोजून थोडा जास्त
– एल्बो दोन-तीन, एकापेक्षा जास्त एसी असतील तर टी
– भिंतीचे क्लॅम्प, स्क्रू, स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या गिट्ट्या
– पीव्हीसीचं सोल्युशन, टेफलॉन टेप, हॅकसॉ ब्लेड
– झाकणाचा प्लास्टिक ड्रम, अर्धा इंची तोटी, टँक कनेक्टर
– जुन्या धोतराचा तुकडा आणि सायकलची जुनी ट्यूब
– गवंड्याकडची लेव्हल नळी, एका दिवसासाठी मागून

ड्रमबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा कॅन, ड्रम धुऊन वापरू नका, कितीही वेळा धुतला तरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते औषध ज्या डब्यात येतं, तो डबा घरात नको. लोखंडी, जस्ती पत्र्याचं किंवा तांब्याचं भांडंही साठवणीला नको. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं, धातूला खातं. ड्रम निळा किंवा काळा, उजेड आत न जाणारा घ्या. पारदर्शक कॅनमध्ये चार दिवसांत हिरवं शेवाळ धरतं.

कागदांत दोनच गोष्टी. एसीचं वॉरंटी कार्ड पाहा. आतल्या युनिटला हात न लावता बाहेरच्या नळीपुढेच काम करायचं असल्याने अडचण येऊ नये, तरी बसवणाऱ्याला एकदा विचारून घ्या. घर भाड्याचं असेल तर भिंतीला क्लॅम्प ठोकण्याआधी घरमालकाला सांगा. पाइप शेजाऱ्याच्या बाजूने जात असेल तर त्यांनाही. चार कुंड्यांपुरतं पाणी त्यांना देऊ केलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

६. पाइप जोडणं

सगळं काम उतारावर आहे. मोटर नाही, पंप नाही. पाइपला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार द्या, दोन दिला तर उत्तम. डोळ्याने अंदाज करू नका, जुन्या भिंती आणि ओटे सरळ नसतात. लेव्हल नळी लावून दोन्ही टोकांच्या खुणा करा आणि मग क्लॅम्प ठोका. क्लॅम्पमधलं अंतर जास्त ठेवलं तर उन्हाने पाइप मध्येच झोळ खातो आणि त्या झोळात पाणी अडतं. दीड-दोन फुटांवर एक क्लॅम्प बरा.

एसीची आपली पन्हाळीची नळी पीव्हीसी पाइपात तीन-चार बोटं आत सोडा. तिथं सोल्युशन लावू नका, टेपने घट्ट बांधूही नका. सैल ठेवली की हवा खेळती राहते, पाणी अडत नाही, आणि सर्व्हिसवाला आला तर नळी सहज सुटते. सोल्युशन फक्त पुढच्या एल्बो-टीच्या सांध्यांना.

बाकीचे फसवे मुद्दे असे. पाइप कुठंही वर चढवू नका, अगदी खिडकीच्या चौकटीला वळसा घालायलाही नाही. चढ आला की पाणी उलटं फिरून खोलीत भिंतीवरून ओघळतं. ड्रममध्ये पाइपाचं टोक पाण्यात बुडू देऊ नका, झाकणाच्या आत चार बोटांवरच थांबवा. आणि हा पाइप संडासाच्या किंवा मोरीच्या नालीला थेट जोडू नका, कारण मग नालीचा वास आणि झुरळं त्याच वाटेने निजायच्या खोलीत येतात.

जोडून झालं की सोल्युशन वाळू द्या. मग वरच्या तोंडातून तांब्याभर पाणी ओतून पाहा. ओतलेलं सगळं खाली आलं पाहिजे, आणि शेवटचा थेंब पडल्यावर पाइप हलवला तर आत पाण्याचा आवाज यायला नको.

७. ड्रम बसवणं

घरातलं युनिट सात-आठ फुटांवर असतं, म्हणून ड्रम उंचावर ठेवायला भरपूर जागा मिळते. विटांचा दोन-तीन थरांचा ओटा करा, इतका की तोटीखाली बकेट सरळ बसेल. तोटी तळापासून चार बोटं वर लावा, गाळ खालीच राहतो. वरच्या काठाखाली एक भोक पाडून त्यातून जास्तीचं पाणी आळ्यात सोडा. हे भोक विसरलं तर ड्रम भरून वाहतो आणि ज्या भिंतीला वाचवायचं तिच्याच पायात पाणी मुरतं. शक्य असेल तर ड्रम सावलीत, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला ठेवा.

८. डास: इथं हयगय नको

डेंग्यूचा एडिस डास घाण पाण्यापेक्षा स्वच्छ, साठवलेलं पाणी पसंत करतो, आणि एसीचं पाणी पावसाळ्यातच भरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा आणि त्या दिवशी ड्रम पूर्ण रिकामा करा. नुसतं पाणी सोडून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटवते, आणि ती वाळूनही बरेच दिवस टिकतात. काथ्याने किंवा ब्रशने आतून खसाखसा घासा, मग धुऊन काढा.

झाकणात जिथून पाइप आत जातो ती फट, आणि जास्तीच्या पाण्याचं भोक, दोन्हींवर धोतराचा तुकडा ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. आशाताई किंवा आरोग्यसेवक घरभेटीला आले तर ड्रम उघडून दाखवा. अळी कशी दिसते ते त्यांच्याकडून पाहून घ्या, एकदा पाहिली की पुढे आपली आपल्याला ओळखू येते.

९. देखभाल

फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, स्विच आणि मेन बंद करून. सोयाबीनची मळणी सुरू झाली, किंवा घराजवळ कापसाची गंजी लागली, की दर आठवड्याला. फिल्टर तुंबला तर हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की ट्रे भरून पाणी खोलीत गळतं.

खोलीत पाणी गळायला लागलं तर आधी बाहेर जाऊन पाहा. पाइपाच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, किंवा आतून गुळगुळीत, शेंबडासारखा बुळबुळीत गोळा अडकलेला असतो. माती काडीने काढता येते. गोळा आत खोल असेल तर मेकॅनिककडून ब्लोअरने साफ करून घ्या. काडी किंवा तार आत खुपसून नळी फाडू नका.

सर्व्हिसच्या दिवशी पाइप ड्रममधून बाहेर काढून ठेवा. कॉइल धुवायला रसायन फवारतात, त्याचं पाणी झाडांना नको. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जोडा.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि एसी बंद झाला की ड्रम धुऊन, वाळवून, उलटा घालून ठेवा. पाइपाच्या दोन्ही तोंडांना कापडाचा बोळा लावा. उन्हाळ्यात एसी पुन्हा सुरू कराल तेव्हा आधी बोळे काढा, तांब्याभर पाणी वरून ओतून वाट मोकळी आहे का ते बघा. ड्रम मात्र मृगाच्या आसपासच जागेवर आणा.